यादीत लिहायचं राहिलेलं टाकं

फौजी माणसाची बायको नव्या ठाण्यावरच्या क्वार्टरमध्ये शिरली की ट्रंका उघडण्याआधी स्वयंपाकघरातल्या कपाटाचं दार उघडते. दाराच्या आतल्या बाजूला खळीनं चिकटवलेला एक कागद असतो. आधीची बाई जाताना तो लावून जाते. कुठला दूधवाला पाणी घालतो, कुठला डॉक्टर रविवारी भेटतो, बाजार कोणत्या वारी, जत्रा कोणत्या महिन्यात, मुलांना घेऊन जाण्यासारखं आसपास काय आहे. भाषा मोडकी हिंदी, अक्षर दर वेळी वेगळं. या बायका एकमेकींना कधी भेटत नाहीत. एकीचा ट्रक निघतो, दुसरीचा येतो. हा नियम कुठल्या साहेबानं घालून दिलेला नाही. फौजेत मी पाहिलेली सगळ्यात शहाणी गोष्ट हीच, आणि ती बायकांनी केलेली आहे.

अशा याद्या मी चांगल्या लिहायची. लग्नाआधी औरंगाबादेत आमच्या वस्तीतल्या मंडळाची पत्रकं मीच लिहायची. स्टेन्सिल कापण्यापासून चौकात वाटण्यापर्यंत सगळं. मंडळातल्या ज्या भाऊंनी मला शिकवलं ते म्हणायचे, पत्रकात तीन गोष्टी हव्यात. कधी, कुठे, कशासाठी. विशेषण सापडलं तर काढून टाक, शाई वाचते. आणि छापशील ते खरं पाहिजे, कारण आपल्या माणसांनी छापलेल्या कागदावर आत्ता कुठे विश्वास ठेवायला सुरुवात केली आहे.

कधी, कुठे, कशासाठी. चौथी गोष्ट भाऊंनी सांगितली नाही. ती मला कर्जतला कळली.

सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीची वर्षं. मी बावीस वर्षांची. नवऱ्याची तुकडी खालापूरच्या बाजूला मुक्कामाला आली होती. कशासाठी, ते मला सांगितलं गेलं नाही आणि मी विचारलं नाही. तुकडीबरोबर बायकांना परवानगी नव्हती, म्हणून नवऱ्यानं मला कर्जतला स्टेशनजवळच्या चाळीत एक खोली घेऊन दिली. मालकीणबाईंनी आडनाव विचारलं. आमचं आडनाव गावावरून पडलेलं, शेवटी ‘कर’ असलेलं. त्यावरून काही कळत नाही. बाईंचं समाधान झालं.

क्वार्टर नव्हतं, म्हणून कपाट नव्हतं. कपाट नव्हतं, म्हणून कागदही नव्हता. मग यादी मीच सुरू केली, माझ्या मागून येईल तिच्यासाठी. पहिल्या पंधरा दिवसांत गाव पायाखाली घालायचं, हा माझा नियम. त्या यादीतल्या काही ओळी अजून पाठ आहेत. कर्जत स्टेशनात पुण्याकडच्या गाडीला घाट चढवण्यासाठी मागून इंजिनं लावतात. ते पाहावं, फुकट आहे. तिथला वडा खावा, चटणी मागून घ्यावी. ठाकुरवाडीला घाट उतरणारी गाडी ब्रेक तपासायला थांबते, तेव्हा दरीच्या बाजूची खिडकी धरावी. खोपोलीला वीजघराचं पाणी सोडलं की ऐन उन्हाळ्यात नदी भरते. गोधड्या धुवायला उत्तम, पोरं सांभाळावीत. नेरळची छोटी गाडी लांबून पाहिली तरी तेवढीच मजा येते. महडला गणपतीचं देऊळ आहे. मी गेले नाही, जाणाऱ्यांनी जावं. शेलूला पाहण्यासारखं काही नाही, असं तिथलीच एक बाई म्हणाली. तिच्या परसातली शेवंती मी पाहून आले.

पण एक ओळ कपाटाच्या दारावर कुणीच लिहीत नाही. आपली वस्ती कुठे आहे, ही. ती ज्याची त्यानं शोधायची. शोधायला कठीण नसते. गावातला शेवटचा नळ मागे पडला, की तसंच पुढे जायचं. देशाच्या कुठल्याही टोकाला जा, हा पत्ता चुकत नाही. कर्जतलाही चुकला नाही. रूळ ओलांडून खाली उतरलं की पत्र्याचं छोटं विहार होतं. आत भिंतीवर दोन तसबिरी, दोन्हींना ताजे हार. दारात एक म्हातारी तांदळातले खडे निवडत बसलेली. भाताच्या गिरणीत पाखडायला जायची ती. सगळी वस्ती तिला आजी म्हणायची.

“कुठली गं तू?”

“औरंगाबादची, आजी. आमचे हे मिलिटरीत आहेत.”

“म्हंजे आज हाय, उद्या नाय.”

“वर्षभर तरी आहे.”

“मंग बस की. वरीसभर बस.” आणि सूप बाजूला सरकवून तिनं मला जागा केली.

मी तिला माझी यादी वाचून दाखवली. ती खूप हसली. “इंजिन काय बघतीस? इंजिन आमी रोज बघतो. लेनं बघितलंस का?”

डोंगराच्या पायथ्याला, रानात, जुनी कोरीव लेणी आहेत, हे मला तिच्याकडून कळलं. नवी सून असताना ती थोरल्या जावेबरोबर तिथे लाकूडफाट्याला जायची.

“पांडवांनी एका रातीत कोरलं म्हनायचे. आमी आत जायाचं नाय, बाटंल म्हनून. पाऊस लागला तरी मोळी घेऊन कमानीच्या भायेर उभी. आन मंग धम्म घेतल्यावर मास्तरांनी सांगितलं, त्ये बुद्धाचं हाय. आपलंच! आपल्याच दारात भिजत उभी व्हते गं मी.”

“मग नंतर का नाही गेलात?”

“एकली जाऊ? वाटंत गाव हाय. एकलीला कोन जाऊ दील?” तिनं पुन्हा सूप ओढून घेतलं. खडे निवडता निवडता, माझ्याकडे न बघता म्हणाली, “मला आत जायाचंय, बाई. एक डाव. भायेर लई येळा गेले.”

मी तिथेच ठरवलं. वैशाखी पौर्णिमेला वस्तीतल्या बायकांना घेऊन लेण्यावर जायचं आणि आजीला आत न्यायचं. मोर्चे काढलेली पोर मी. पंचवीस बायका चार कोस चालवणं मला काय जड?

आधी वाट बघून यावी म्हणून माघात एका रविवारी मी नवऱ्याला घेऊन गेले. तो वर्दी घालून निघाला. मी म्हटलं, “सुट्टीच्या दिवशी वर्दी कशाला? डोंगर काय सलाम ठोकणार आहे?” तो नुसता हसला. मला वाटलं, मिरवायची हौस.

एसटीनं फाट्यापर्यंत, पुढे पायी. लेण्यांच्या अलीकडे एक गाव लागतं. त्याचं नाव मी लिहिणार नाही. तसं वचन दिलं आहे. गावाच्या तोंडाशीच विहीर, दगडी कट्टा बांधलेली. एक गोरीशी, हसऱ्या तोंडाची बाई पाणी शेंदत होती. वर्दी बघून तिनं पदर सारखा केला.

“लढाईवरनं आले का दादा?”

“लढाई संपली, वहिनी,” नवरा म्हणाला.

“या बसा. ताई, तुमी पन या गं, वर या.” तिनं मला कट्ट्यावर बसवलं. घरातून पितळी लोटा आणला, वर गुळाचा खडा दिला. ढाळजेत बसलेला एक म्हातारा काठी टेकत आला आणि नवऱ्याशी बर्फातल्या थंडीबद्दल बोलत बसला. कोण, कुठले, कुणी विचारलं नाही. पाणी गोड होतं. मी दोनदा मागून प्याले.

मग लेण्यावर गेलो. तास-दीड तासाची चढण, रान दाट. वर कमान, आत थंडगार अंधार. बाजूला कातळात खोदलेलं पाण्याचं टाकं होतं. वर वाळकी पानं तरंगत होती. मी वाकून बघितलं आणि पुढे गेले.

घरी येऊन मी यादीत लिहिलं: लेणी जरूर पाहावीत. वाटेतल्या गावातली माणसं चांगली, पाणी गोड. आणि पौर्णिमेच्या पत्रकात, कधी-कुठे-कशासाठी झाल्यावर, शेवटी एक ओळ घातली: ‘पाण्याचं ओझं आणू नये. वाटेत गावच्या विहिरीवर पाण्याची सोय आहे.’

बाजारातल्या छापखान्यात एका काळ्या हातांच्या माणसानं खिळे जुळवता जुळवता त्या ओळीवर बोट ठेवलं. “कंची विहीर?”

मी सांगितलं.

तो माझ्या तोंडाकडे बघत राहिला. मग “बरं” म्हणाला आणि छापलं. मला वाटलं, माणूस मंद आहे.

आता कुणी म्हणेल, तू मंडळातली, पत्रकं वाटलेली, पाणवठ्यांचा इतिहास तोंडपाठ असलेली. तुला कळलं कसं नाही? नाही कळलं. चार वर्षं फौजेच्या नळाचं पाणी पिऊन मी विसरले होते. तीन ठाणी फिरले, प्रत्येक ठिकाणी पाहुणी म्हणून गेले, आणि पाहुणीला गाव नेहमी दिवाणखान्यातच बसवतं. बाईनं गूळ दिला तर मला वाटलं, गाव बदललं. गाव बदललं नव्हतं. फक्त मी कोण ते त्याला माहीत नव्हतं.

पौर्णिमेला पहाटेच निघालो. पुरुष संध्याकाळच्या मिरवणुकीच्या तयारीत होते, त्यामुळे आम्ही बायका आणि पोरंच. सगळ्या पांढऱ्या लुगड्यांत. आजीनं लुगड्याला कांजी केली होती. चालताना ते कागदासारखं वाजायचं. तिच्या पदराच्या गाठीत सोनचाफ्याची फुलं, हातात मेणबत्त्या. पोरींच्या थट्टेला ऊत आला होता.

“आजी, हळू गं, भगवंत पळून जात न्हाईत.”

“मी थांबली व्हती की इतकी वर्सं. आता तुमी पळा.”

दोघी-तिघींनी सवयीनं भरून आणलेले तांबे पोरांनी पहिल्या मैलातच संपवले. कुणी काळजी केली नाही. पुढे सोय होती. छापलेलं होतं.

दहाच्या सुमाराला विहिरीपाशी पोचलो तेव्हा ऊन डोक्यात शिरायला लागलं होतं. तीच गूळ देणारी बाई पाणी शेंदत होती. मला बघून तिचं तोंड फुललं.

“आल्या का मिलिटरीवाल्या ताई! आन ही वरात कुनाची आनली?”

“आमचीच. लेण्यावर निघालोय. पाणी हवं होतं.”

तिनं पांढऱ्या लुगड्यांवरून नजर फिरवली. ती आजीवर थांबली. “ही गिरनीतली ना? कर्जतची?” मग आवाज बारीक करून मला म्हणाली, “ताई, तुमी या वर. त्यांना खालीच बसू द्या. मी वरून घालते त्यांच्या वंजळीत. कट्ट्यावर तेवढं चढू देऊ नका.”

आजीनं ऐकलं. “वरून घातलेलं पानी आमी सोडलं, बाये. धम्म घेतला त्या दिशीच सोडलं.”

“मंग ऱ्हावा तशाच. माझं काय जातंय?”

आता मी पुढे झाले. मोर्चातला आवाज लावला. “ही विहीर सार्वजनिक आहे. कायद्यानं कुणालाही अडवता येत नाही. पोहरा द्या, आमचं पाणी आम्ही शेंदतो.”

ढाळजेतला तो म्हातारा, बर्फातली थंडी विचारणारा, जागचा न उठता म्हणाला, “कायदा कर्जतला ऱ्हातो, बाई. हितं विहीर ऱ्हाती.” शेजारचे दोघे हसले.

“पन तुमाला कोन नाय म्हनलं, ताई?” गूळ देणारी खरंच गोंधळली होती. “तुमी मिलिटरीवाल्या. तुमचं येगळं.”

“माझं वेगळं नाही. मी यांच्यातलीच आहे.”

तिनं पोहरा खाली ठेवला. मग हळूच म्हणाली, “आन मागल्या टायमाला आमच्या लोट्यानं प्यालात.”

“प्याले.”

“आदी सांगायचं नाय व्हय?”

ती ओरडली नाही. बाजारात कुणी वजनात मारल्यावर बोलावं तसं बोलली. तिच्या लेखी फसवणूक माझी होती. तो लोटा तिनं नंतर विस्तवात घातला की विकून टाकला, मला माहीत नाही. पण घातला असेल.

मग तिनं रहाटावरचा दोर उतरवला. घाई नाही, राग नाही. वेटोळं करून खांद्यावर टाकला, पोहरा हातात घेतला आणि घरात गेली. विहिरीत पाणी होतं. पंधरा-सोळा हात खाली चमकत होतं. आम्ही पंचवीस बायका भोवती उभ्या, आणि एकीकडेही दोर नव्हता. सोय आहे म्हटल्यावर दोर कोण आणतं?

कुणी शिवी दिली असती, दगड मारला असता, तर मला काय करायचं ते माहीत होतं. फिर्याद कशी लिहायची ते मंडळात शिकवलं होतं. पण एका बाईनं आपल्या घरचा दोर आपल्या घरात नेला, याची फिर्याद कशी लिहितात?

कडेवर तान्हं घेतलेली एक सून माझ्याजवळ आली. तिनं चोळीतून घडी केलेलं पत्रक काढलं. तिला वाचता येत नव्हतं, पण ओळ कुठे आहे ते माहीत होतं. “ताई, हितं तर लिवलंय.”

मी विचारलं, “तुम्ही तर इथल्याच. तुम्हांला हे गाव माहीत होतं ना?”

“म्हाईत व्हतं की. पन छापलंय म्हंजे कायतरी ठरलं आसंल, असं वाटलं आमाला. तुमी मिलिटरीवाल्यांकडून सांगून घेतलं आसंल.”

आजी विहिरीच्या कट्ट्याकडे पाठ करून उभी होती. “पानी मिळतं, लिवलंस,” ती म्हणाली. “कुनाला मिळतं, त्ये नाय लिवलंस.”

एवढंच. पुन्हा कधी तिनं तो विषय काढला नाही.

आम्ही तशाच पुढे निघालो. मीच हट्ट केला. दुसरी चूक. चढण सुरू व्हायच्या आधीच ती तान्हं घेतलेली सून पळसाखाली बसली आणि आडवी झाली. डोळे पांढरे. पोर ओरडायला लागलं. कुणी पदरानं वारा घालतंय, कुणी हाका मारतंय, आणि तोंडावर शिंपडायला थेंब नाही. डोक्यावर मोळी घेतलेली एक कातकरीण वाटेनं येत होती. तिनं बघितलं, मोळी टाकली, आणि खुणेनंच बोलावत ओढ्यात उतरली. कोरड्या वाळूत हातानं उकरलेला झिरा होता, गुडघाभर खोल, तळाशी गढूळ पाणी. करवंटीनं तिनं पहिलं पाणी त्या सुनेसाठी भरून दिलं.

आता जे लिहिणार आहे ते लिहू नये असं मला पुष्कळांनी सांगितलं आहे. आमच्यातल्या दोघी-तिघी मागे सरल्या. एक कुजबुजली, “कातकऱ्यांचं पानी?” मी ऐकलं. कातकरणीनंही ऐकलं असणार. आजीनं करवंटी हातात घेतली आणि घटाघटा प्याली, हनुवटीवरून कांजी केलेल्या लुगड्यावर सांडत. मग तीच करवंटी त्या कुजबुजणारीच्या पुढे धरली. “घे. न्हायतर जा, विहिरीवर जाऊन त्यांच्यात बस.” तिनं घेतली. सगळ्यांनी घेतली.

सून शुद्धीवर आली, पण उभी राहीना. परत फिरायचं ठरलं. मी आजीला म्हटलं, आपण दोघी जाऊ वर. ती म्हणाली, “लेकराची माय अशी पडलीया, आन मी देवाला जाऊ? त्यो काय म्हनंल मला?”

मी डोंगराकडे बोट केलं. “तिथे आहे, आजी. त्या काळ्या कातळाखाली, झाडी दिसते ना, तिच्या मागे.”

तिनं डोळ्यांवर हात धरून बराच वेळ बघितलं. “दिसलं,” म्हणाली.

तिथून लेणं दिसत नाही.

दुसऱ्या दिवशी मी नवं पत्रक लिहिलं. ‘बुद्ध पौर्णिमेला पाणी नाकारले.’ गावाचं नाव मोठ्या ठशात. असं पत्रक मी आयुष्यात पुन्हा लिहिलं नाही. एक विशेषण नव्हतं त्यात. संध्याकाळी विहारात वाचून दाखवलं. वाटलं होतं, टाळ्या पडतील. पुरुष जमिनीकडे बघत होते.

शेवटी ती चक्कर आलेली सून बोलली. “ताई, हे छापू नका.”

“का? घाबरता का?”

“लावनीला आमी त्याच गावात जातो. त्यांच्याच खाचरात. सालभराचं भात तिथनं येतं.”

“म्हणून गप्प बसायचं?”

“तुमची बदली व्हईल, ताई,” ती म्हणाली. “आमची कुटं व्हनार?”

मला संताप आला, आणि खरं सांगते, तो त्यांच्यावरच आला. लाचार म्हणाले मी त्यांना, तिथे, त्या दोन तसबिरींसमोर. बावीस वर्षांची, महिन्याच्या महिन्याला नवऱ्याचा पगार हाती येणारी, ट्रंका बांधून निघून जाणारी मी. आजी उठली, कागद माझ्या हातातून घेतला, चार घड्या केल्या आणि परत माझ्याच हातात दिला. “गावाचं नाव कुटंच लिवनार नाय म्हन.”

मी म्हटलं. अजून पाळते आहे. पण त्या गावाला वाचवण्यासाठी मी हे वचन दिलं, असं कुणी समजू नये. आणि नाव नाही म्हणून आपलं गाव सुटलं, असं तर कुणीच समजू नये.

रविवारी नवरा आला. मी सगळं सांगितलं. तो बूट काढत ऐकत होता.

“मला वाटलंच होतं,” तो म्हणाला.

“वाटलं होतं? मग बोलला का नाहीत?”

“तू पत्रकात काय लिहिलंस ते मला कुठे दाखवलंस?” त्यानं बूट भिंतीशी नीट जोडून ठेवले. “सुट्टीच्या दिवशी वर्दी कशाला घालता, विचारत होतीस ना? गावातून जायचं असलं की घालतो.”

तो सीमेवर जाऊन आला होता. आणि आपल्याच मुलखातल्या, आपल्याच भाषेतल्या विहिरीवर त्याला तांब्याभर पाण्यासाठी सरकारी कपडे लागत होते. त्याला हे लाजिरवाणं वाटत नव्हतं. सोयीचं वाटत होतं. मला त्याचा जास्त राग आला, की त्याच्यावर ही पाळी आणणाऱ्यांचा, ते आजही ठरत नाही.

भाताची लावणी सुरू झाली आणि बदलीचा हुकूम आला. खोलीत दुसऱ्या एका जवानाची बायको येणार होती. मी यादी नीट उतरवून दाराच्या मागे चिकटवली. लेण्यांच्या ओळीतून ‘माणसं चांगली, पाणी गोड’ खोडलं. त्या जागी लिहिलं: पाणी आणि दोर बरोबर न्यावा. का, ते लिहिलं नाही. वस्तीत निरोप घ्यायला गेले तर सगळ्या त्या गावात लावणीला गेलेल्या. आजी तेवढी होती, विहाराच्या दारात.

“वरीसभर बस म्हनले व्हते,” ती म्हणाली. “बसलीस. जा आता.”

पुढच्या प्रत्येक ठाण्यावरून मी विहाराच्या पत्त्यावर कार्ड टाकत राहिले. माफी मागायची होती. ती कार्डावर कशी मागतात ते येत नव्हतं, म्हणून नुसती खुशाली लिहायची. दोन वर्षं उत्तर नाही. मग उत्तरेतल्या एका ठाण्यावर, आम्ही पुन्हा निघायच्या बेतात असताना, एक कार्ड आलं. शाळकरी अक्षर, ओळी खाली उतरत गेलेल्या. ‘आजी आता उठत नाही. लेण्यावर कोणीच गेले नाही. आजी विचारते की ते आतून कसे आहे. तुम्ही आत गेला होता. तरी कृपया लिहावे.’

मी अंतर्देशीय पत्र घेऊन बसले. भाऊंनी शिकवल्याप्रमाणे विशेषणं काढून लिहिलं. कमान उंच आहे, वडाएवढी. आत शिरताना वाकावं लागत नाही. वर छताला दगडाच्या फासळ्या आहेत, घराच्या वाशांसारख्या. खांब पुष्कळसे तुटलेले आहेत. मध्ये स्तूप आहे, त्याचा खालचा भाग झिजला आहे, पण हात ठेवला तर गार लागतो. बोललेलं दोनदा ऐकू येतं. बाहेर पाऊस पडत असला तरी आत पडत नाही, आजी.

आणि मग ते मला आठवलं. माघातल्या त्या रविवारपासून मी ते कधी आठवलं नव्हतं. लिहिलं: बाजूला कातळात खोदलेलं पाण्याचं टाकं आहे. ज्यांनी लेणं कोरलं त्यांनीच ते येणाऱ्यासाठी खोदून ठेवलं आहे. त्याला कट्टा नाही, दोर लागत नाही. वाकलं की हात पोचतो. हे मी पत्रकात लिहायला हवं होतं. माझ्या यादीतही ते नाही. मी विहिरीवर दोनदा पाणी पिऊन गेले होते, त्यामुळे मला तहान नव्हती.

ते वाचून दाखवलं असेल का, आजीनं ऐकलं असेल का, मला माहीत नाही. उत्तर आलं असलं तर ते जुन्या पत्त्यावर गेलं असेल. तोवर आमची पुन्हा बदली झाली होती.